कूलर कुणी फिरवले?

पारोळं मागे टाकलं की गिरीशचा फोन यायचा. "अक्का, चहा ठेव." बस, फोन बंद. जळगावहून धुळ्याला माझ्याकडे येताना पारोळ्यानंतरही अर्ध्या तासाहून जास्त वाट उरते. इतका वेळ चहा उकळला तर त्याचा काढा होईल, हे मी त्याला शंभरदा सांगितलं असेल. पण माझ्या धाकट्या भावानं दुसऱ्याचं ऐकायचं नाही असं जन्मतःच ठरवलेलं होतं. यंदा मे महिन्यातल्या एका दुपारी फोन वाजला तेव्हा मला वाटलं, एवढ्या उन्हाचा कुठे निघालाय हा... फोन मुश्ताकभाईंचा होता. आमच्या वडिलांच्या, म्हणजे नानांच्या वेळेपासून ते आमच्या कारखान्यात वेल्डिंगचं काम करतात. म्हणाले, "अक्का, तुम्ही निघा. गिरीशभाऊ पडले." मी आधी गाडीबद्दल विचारलं. कुणीही तेच विचारलं असतं. "गाडी घरीच आहे अक्का. आम्ही जामनेरकडे कार्यक्रमाला कूलर घेऊन आलो होतो. मंडपात पडले." मी आयुष्यभर परिचारिका होते, वॉर्डात किती उन्हाळे काढले... तोंडातून आपोआप गेलं, "अंगाला हात लावून बघा, घाम आहे का?" पलीकडे थोडा वेळ नुसता गलका. मग ते म्हणाले, "नाही अक्का. अंग कोरडं आहे, भाजतंय. काहीतरी बडबडतायत, मला नाना म्हणतायत." मला पुढचं काही विचारावं लागलं नाही. आम्ही जळगावला पोहोचलो तेव्हा तो गेलेला होता.

गाडी घरीच होती, हे मी मुद्दाम पहिल्यांदा लिहिते आहे. कारण त्यानंतरच्या दिवसांत जो तो मला एकच ऐकवत होता, "शेवटी गाडीनं घेतला बिचाऱ्याला." मोबाइलवर त्याच्या निळ्या गाडीच्या फोटोखाली हात जोडलेले. कुणी लिहिलं, वेगाचा वेडा गेला. कुणी लिहिलं, तरुणांनी यातून धडा घ्यावा. अरे, कसला धडा? शेहेचाळीस वर्षांचा माणूस भर दुपारी मंडपात, दोन पायांवर उभा असताना पडला, आणि तुम्ही त्याला वेगाचा वेडा म्हणता? माझ्या तर तळपायाची आग मस्तकात जाते. एका शहाण्यानं माझ्यासमोर मान हलवत म्हटलं, "बघा ना सिस्टर, गाडीचं इंजिन थंड ठेवायला आयुष्य घातलं आणि स्वतः उन्हानं गेला. काय योगायोग." मी त्याला म्हटलं, योगायोग नाही, भाऊ, तुम्ही चहा घ्या आणि निघा. स्वाती, म्हणजे गिरीशची बायको, मला डोळ्यांनी गप्प करत होती. मी गप्प झाले नाही.

आमचा धंदा कूलरचा. पत्र्याचे, भलेथोरले, आवाज करणारे. जळगावचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना त्या आवाजाशिवाय झोप येत नाही. नानांनी कारखाना काढला, गिरीशनं त्यात लग्नाकार्यांना कूलर भाड्यानं द्यायची जोड दिली. घरात वाऱ्याच्या गोष्टी पाण्यासारख्या चालायच्या. पत्रा कुठे वाकवला की हवा जोरात येते, गवत किती जाड हवं, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी कळलं. अशा घरातल्या माणसानं जुनी टर्बोची गाडी घेतली आणि पुण्याला जाऊन तिच्या कॉम्प्युटरची जुळणी बदलून आणली, तेव्हा पुढे काय होणार हे खरं तर आम्हाला कळायला हवं होतं. पुण्यात गाडी वाऱ्यासारखी पळाली. जळगावात पहिल्या एप्रिलमध्येच एरंडोलच्या पुढे तिचा दम गेला. दुपारी निघाला की पुढे ट्रक दिसला तरी ओव्हरटेक करवेना. गिरीश माझ्या ओट्यावर बसून संतापानं लाल झाला होता. "हवा तापते अक्का," तो म्हणाला. "सायकलला पंपानं हवा भरताना पंपाचं बूड कसं गरम होतं? टर्बो तेच करतो. हवा दाबतो, दाबली की ती तापते. मग तिला इंजिनात जायच्या आधी गार करायला पुढं एक जाळी असते, तिला इंटरकूलर म्हणतात. कंपनीनं दिलेला आहे वहीएवढा. तो त्यांच्या देशात पुरत असेल. आपल्याकडे बाहेरचीच हवा भट्टीतली, तर तो गार काय करणार, कपाळ?"

तर मोठा इंटरकूलर बसवायचा. ही बातमी गल्लीत पसरली आणि सगळ्या जळगावला तेवढंच कळलं की गिरीशनं गाडीला कूलर बसवलाय. नानांनीसुद्धा चष्मा वर करून आपल्या अहिराणीत विचारलं, "गाडीले कूलर? मंग पानी कोठे टाकानं?" सगळे हसले. पण गिरीशच्या डोक्यात ते पाणी शिरलं. आमच्या घराण्यातलाच माणूस ही चूक करू शकतो. मोठा इंटरकूलर यायला अवकाश होता, तोवर यानं काय करावं, तर गाडीच्या तोंडाशी, जाळीच्या आत, कूलरचं गवत बसवलं, छोटा पंप जोडला आणि मागच्या डिकीत पाण्याचा कॅन ठेवला. गार ओली हवा थेट इंटरकूलरवर. कागदावर कुणालाही पटेल. जळगावहून निघाला तर रस्ताभर मोटरसायकलवाले हात करून सांगतायत, "भाऊ, गाडी गळतेय." माझ्या दारात आला तेव्हा बॉनेटमधून वाफा येत होत्या आणि आत बसलेला माझा भाऊ घामानं निथळत होता. ओलं गवत फुगून भिंत झालेली, तिच्यातून वारा आत येईल कुठून? इंजिनाचं पाणी उकळायला आलेलं. मी म्हटलं, इंजिन उकळलंच आहे तर चहा तिथंच टाकू का? तो आधी चिडला, मग पायरीवर बसून असा हसला की शेजारची मंडळी बाहेर आली.

मग खरा मोठा इंटरकूलर आला. बंपर उतरवून, आतली पट्टी कापून, जाड पाइप फिरवून तो बसवला गेला. काही दिवस गिरीश देवळात जाऊन आल्यासारखा शांत होता. पण ते यंत्र इतकं मोठं की त्याच्या मागच्या रेडिएटरला आणि एसीच्या जाळीला वाराच मिळेना. स्वाती गाडीत बसली आणि गावातल्या सिग्नललाच उतरली. "तुमच्या इंजिनाला गारवा आणि बायकोला वाफ," ती म्हणाली, "मी रिक्षानं जाते." हे त्याला लागलं. त्यानं मुश्ताकभाईंना घेऊन कूलरचाच पत्रा कापला आणि बंपरच्या तोंडापासून आतपर्यंत हवेसाठी वाट तयार केली. फटी बुजवल्या, कोपरे वाकवले. मला म्हणायचा, "हवा महा आळशी आहे अक्का. बाजूनं जायला जागा दिसली की ती जाळीतून जाणारच नाही. तिला बळंच न्यावं लागतं." दोन-तीनदा पत्रा बदलला. प्रत्येक वेळी नवं काही केलं की धुळ्याला यायचं, आमच्या ह्यांना शेजारी बसवून लळिंगचा घाट चढून यायचं, हे ठरलेलं. आमचे हे इतिहास शिकवायचे, त्यांना गाडीतलं ओ की ठो कळत नाही. ते डोळे मिटून बसायचे आणि उतरल्यावर "छान, छान" म्हणायचे. आल्यावर गिरीश बॉनेट उघडून माझा हात धरायचा. "हा पाइप टर्बोकडून येतो, लांबूनच बघ, भाजेल. आता इकडे ये. हा इंटरकूलरमधून बाहेर पडलेला. लाव हात." आणि खरंच, भर उन्हात तो पाइप हाताला गार लागायचा. गार म्हणजे माठातल्या पाण्यासारखा नव्हे, पण सावलीतल्या भिंतीसारखा. मला त्यातलं विशेष कधी वाटलं नाही. पिठाचे हात पुसत मी म्हणायचे, "बरं, लागला गार, आता जेवायला बस."

एवढं वाचून कुणाला वाटेल की मी भावाची आरती ओवाळते आहे. तसं काही नाही. महा तिरसट माणूस होता. गाडीवर बोलायला लागला की समोरचा उठून जाईपर्यंत थांबायचा नाही, बायकोचा वाढदिवस एकदाही लक्षात राहिला नाही, आणि दुसऱ्यानं केलेलं कुठलंही काम त्याला पसंत पडायचं नाही. लग्नाला जेवायला गेला तरी ताटावर बसायच्या आधी कूलर कुठे लावलेत ते बघायचा. माझ्या मुलीच्या लग्नात, तिच्या सासरची माणसं बसली होती तिथला एक कूलर यानं सरळ ओढत नेऊन आचाऱ्यांच्या चुलाणापाशी लावला. व्याही फुगले. मी त्याला बाजूला घेऊन झापलं तर म्हणतो, "त्यांच्याकडे अजून दोन आहेत. इथं कढईपाशी उभं राहून बघ." मी उभी राहिले नाही. पण कूलर तिथंच राहिला. भाड्यानं जाणाऱ्या प्रत्येक कूलरच्या डोक्यावर त्यानं लाल रंगानं बाण काढून घेतला होता आणि खाली लिहिलं होतं, 'माणसांकडे'. का, तर लावणारे कुठेही तोंड करून लावतात म्हणून.

आता त्या दिवशीचं. मी तिथं नव्हते. मुश्ताकभाई होते, आणि त्या माणसानं आयुष्यात एक शब्द वाढवून सांगितलेला मला माहीत नाही. सत्काराचा कार्यक्रम होता. कुणाचा, कुणी ठेवला, ते मी लिहीत नाही, ज्यांनी ठेवला त्यांना ठाऊक आहे. मोकळं मैदान, वर पातळ कापडाचा मंडप, त्यातून ऊन गाळून खाली येतंय. आजूबाजूच्या गावांतल्या बायका सकाळपासून आणून बसवलेल्या. गिरीशनं कूलर दोन्ही बाजूंनी माणसांकडे तोंड करून लावले होते, बायकांच्या बाजूला जास्त. पाहुणे यायला उशीर होत होता, तरी माणसांना उठू देत नव्हते. मैदान रिकामं दिसलं तर फोटोत वाईट दिसतं ना. मग ऊन चढल्यावर मंचावरच्या मंडळींना उकडायला लागलं. कुणीतरी हुकूम सोडला आणि एकेक करत सगळे कूलर मंचाकडे फिरले. मंचावर होते सोफे, आणि सोफ्यांवर होती मोजकी माणसं. गिरीश पाण्याचा टँकर बघायला मागे गेला होता, आला तर हे. तो एक कूलर ओढून परत बायकांकडे फिरवी, मंचावरून कुणी येऊन तो पुन्हा वळवी. "साहेब येईपर्यंत असू द्या," म्हणाले. "मग तोवर ह्यांना सावलीत जाऊ द्या," हा म्हणाला. त्यावर त्याला सांगितलं, "तुम्ही कूलरवाले आहात ना, कूलरपुरतं बघा." मुश्ताकभाई म्हणतात, मग गिरीशभाऊ एकेक कूलर परत फिरवायला लागले. पाण्यानं भरलेला तो कूलर दोघा माणसांना हलत नाही. मुश्ताकभाईंनी त्याला पाणी प्यायला सांगितलं, तो म्हणाला हा एवढा फिरवतो. चौथ्या की पाचव्या कूलरला हात लावून तो खाली बसला, आणि मुश्ताकभाईंना म्हणाला, "नाना, हवा बाजूनं जातेय." आणि मग आडवा झाला. त्याला उचलून मंचाच्या मागून कूलर आणलेल्या टेम्पोपर्यंत न्यायला वाट मिळेना, कारण तेवढ्यात पाहुणे आले होते.

त्याच्यावरही माझा राग आहे. दोन घोट पाणी प्यायला काय झालं होतं रे तुला? डोक्याला रुमाल बांधायला काय झालं होतं? गाडीच्या प्रत्येक पाइपाचं तापमान बघायला काचेजवळ काटा बसवला होतास, स्वतःच्या अंगाला हात लावून बघितलं असतंस तर... पण हा राग घरातला आहे, तो मी आणि तो बघून घेऊ. बाहेरचा राग वेगळा आहे. दवाखान्यातून आलेल्या कागदावर हृदय बंद पडलं असं आलं. अहो, मेलेल्या प्रत्येक माणसाचं हृदय बंद पडतं. ते कशानं पडलं ते विचारा ना. मी बत्तीस उन्हाळे अशी कोरडी, भाजणारी, भलत्याच नावानं हाका मारणारी माणसं बर्फाच्या पाण्यानं पुसून काढलेली आहेत. मला कुणी शिकवू नये.

सुतक फिटायच्या, गंधमुक्तीच्या दिवशी कार्यक्रम ठेवणारी ती मंडळी आली. पांढरे कपडे, हात जोडलेले. मुश्ताकभाईंनी मंडपात आमचेच कूलर लावले होते, सगळे माणसांकडे तोंड करून. त्या मंडळींतले एक उभे राहून बोलायला लागले. गिरीशभाऊ उमदे होते, पण गाड्यांच्या छंदापायी तब्येतीकडे दुर्लक्ष केलं, दिवसदिवस उन्हातान्हात गाडीखाली झोपायचे, त्याचा परिणाम शेवटी झाला... मी उठणारच होते, स्वातीनं माझा पदर धरला. आणि तेवढ्यात नाना उठले. ब्याऐंशीचे नाना, कुणाचा आधार न घेता उठले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "भाऊ, मन्हा आंडोरनी बठ्ठा कूलर मानसेसकडे लायेल व्हतात. त्या कोनी फिरवात?"

माझ्या मुलानं सगळे कूलर माणसांकडे लावले होते, ते कुणी फिरवले? एवढा साधा प्रश्न. मंडपातल्या शे-दीडशे माणसांच्या माना बोलणाऱ्याकडे वळल्या. ते गृहस्थ म्हणाले, "नाना, आता जाऊ द्या, झालं गेलं." नाना म्हणाले, "गयं ते मन्हं गयं." गेलं ते माझं गेलं, एवढं बोलून ते खाली बसले. ती मंडळी प्रसाद न घेता निघून गेली. जाताना त्यांच्यातल्या एकानं स्वातीच्या भावाला बाजूला घेऊन सांगितलं की विषय वाढवू नका, तालुक्यातली सगळी मंडपाची कामं आपल्याच हातातून जातात, पोरीबाळींचं घर आहे, कारखाना चालायला पाहिजे. म्हणजे धमकीही दिली आणि काळजी केल्याचं पुण्यही घेतलं.

म्हणून हे लिहायला मला इतके दिवस लागले. राग माझा, पण कारखाना स्वातीचा. उद्या कुणी एकही कूलर नेला नाही तर मी धुळ्यात बसून काय करणार? मागच्या आठवड्यात मी जळगावला गेले आणि तिला सरळ विचारलं, हे लिहू का. आम्ही कारखान्यात उभ्या होतो. त्याच दिवशी सकाळी गाडी बघायला एक गिऱ्हाईक येऊन गेलं होतं. गाडी आवडली, पण म्हणे हा मोठा इंटरकूलर काढा आणि कंपनीचा परत बसवून द्या, आम्हाला असलं काही नको. स्वातीनं त्याला काय सांगितलं ते तिनं मला ऐकवलं, "म्हटलं, गाडी आहे अशी घ्या, नाहीतर राहू द्या. एसी गार पडायला मी किती भांडले होते त्यांच्याशी, तो पत्रा माझ्यासाठी कापलाय." मग ती माझ्या प्रश्नाकडे वळली. मुश्ताकभाई मागे वेल्डिंग करत होते, ते थांबले. ती म्हणाली, "अक्का, लिहा तुम्ही. कूलर नाही नेले तर नाही नेले. उद्या माझी मुलगी विचारेल ना मला, बाबा गाडीनं गेले का म्हणून. तिला मी काय सांगू?"

मी नानांना धुळ्याला घेऊन यायचं ठरवलं होतं, चार दिवस बदल म्हणून. स्वाती म्हणाली गाडी न्या, उभी राहून खराब होतेय. मला गाडी चालवायला गिरीशनंच शिकवलं होतं, अर्थात ओरडून ओरडून. पाऊस अजून कुठे नव्हता, दुपारच्या रस्त्यावर पाण्यासारखं ऊन हलत होतं. एरंडोलच्या पुढे, जिथं ती पूर्वी दम सोडायची, तिथं मी भीत भीत पाय दाबला आणि ती गेली... काही तक्रार न करता दोन ट्रकांच्या पुढे गेली. नाना खिडकीबाहेर बघत होते. पारोळं मागे पडल्यावर मी गाडी बाजूला घेतली आणि घरी फोन लावला. ह्यांनी उचलल्यावर मी एवढंच म्हटलं, पारोळं मागे पडलं. नानांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, "चहा ठेवा."

दारात गाडी उभी केली आणि नाना उतरून थेट पुढे जाऊन उभे राहिले. मी बॉनेट उघडलं. आत कूलरचा पत्रा, त्यावर गिरीशच्या हातचा लाल बाण, हवा कुठून कुठे जायची ते दाखवणारा. मी नानांचा हात धरला, तसाच, जसा तो माझा धरायचा, आणि इंटरकूलरमधून बाहेर येणाऱ्या पाइपावर ठेवला. डोक्यावर ऊन मी म्हणत होतं. नानांनी हात तिथंच ठेवला, काढला नाही.

"गार शे," ते म्हणाले.

"हो नाना."

"येवढ्या उनमा गाडीले गार ठेवता येस," ते म्हणाले. "मंग तठे मानसेसले का बरं नही?"